लिगामेंट नवे बसवता येते, कूर्चेचे काय?

जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलढाणा) : सोयाबीनची सोंगणी आटोपली, की मेहकर तालुक्यातील गावांमध्ये कबड्डीला रंग चढू लागतो. चढाईला गेलेला गडी बोनस रेषेला पाय लावून माघारी वळतो. अंग वळते, पण मातीत रुतलेले पाऊल वळत नाही. गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि गडी जागीच बसतो. दोन-चार तासांत गुडघा फुगतो. कुणी म्हणते वाटी सरकली, कुणी म्हणते शीर चढली. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लागतो, एखादा जाणता मालिश करून देतो. पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, चालता येऊ लागते आणि महिन्या-दीड महिन्यात तोच गडी पुन्हा मैदानावर दिसतो. मग एखाद्या दिवशी वळताना गुडघा ‘सटकतो’. पुन्हा सूज, पुन्हा लेप. जानेफळ काय किंवा जिल्ह्यातले दुसरे कोणते गाव काय, हा क्रम सर्वत्र सारखाच. तो कधी कधी दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालतो.

या काळात गावाच्या लेखी त्या गड्याचे ‘लिगामेंट गेलेले’ असते. ते खरेही असते. परंतु त्याच गुडघ्यात आणखी एक गोष्ट घडत असते आणि तिची चर्चा क्वचितच होते. लिगामेंटच्या शेजारी असलेल्या, हाडांची टोके झाकणाऱ्या कूर्चेला पहिल्याच दिवशी मार बसलेला असतो. गुडघा सटकण्याच्या प्रत्येक प्रसंगी त्यात भर पडते. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवे बसवण्याची कला शल्यचिकित्सकांनी चांगलीच साध्य केली आहे. गेलेली कूर्चा मात्र पहिल्यासारखी परत आणण्याची कला अद्याप कुणालाही साधलेली नाही. विशीतल्या खेळाडूचा गुडघा चाळिशीत कसा असेल, हे बव्हंशी या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

मोठ्या खेळाडूंच्या दुखापतींमुळे ‘एसीएल’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये चॅम्पियन्स करंडक स्पर्धेच्या वेळी मोहालीत सरावादरम्यान युवराजसिंगच्या गुडघ्याचे लिगामेंट दुखावले, ते क्रिकेट खेळताना नव्हे, तर खो-खो खेळताना! सांगलीच्या स्मृती मानधनाचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश स्पर्धेत तुटला. पाच महिने ती मैदानाबाहेर होती आणि त्यानंतर जूनमध्ये इंग्लंडमधील विश्वचषकात तिने यजमानांविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. विनेश फोगटच्या डाव्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात तिने पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. ही उदाहरणे उमेद देणारी आहेत. मात्र त्यांतून ‘लिगामेंट बसवले की गुडघा नवा झाला’ असा जो अर्थ काढला जातो, तो अपुरा आहे. या खेळाडूंच्या दिमतीला रोज फिजिओथेरपिस्ट असतो, ही बाबही त्या बातम्यांत एका ओळीत संपते.

‘गादी’ म्हणजे नेमके काय?

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोट्यांसारखे गोलसर, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. पाटावर दोन गोटे ठेवावेत तशी ही रचना असल्याने हाडांच्या आकारातून या सांध्याला फारसे स्थैर्य लाभत नाही. ते देतात अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. त्यांतील चार प्रमुख. दोन गुडघ्याच्या दोन बाजूंना असतात, तर दोन सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. आतल्या दोहोंपैकी पुढचा तो एसीएल. नडगीचे हाड पुढे घसरू न देणे आणि वळताना त्याला भलतेच फिरू न देणे, हे त्याचे काम. वेगात असताना दिशा बदलणे किंवा उडी मारून एका पायावर उतरणे, अशा वेळी त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. म्हणूनच कुणाचा धक्का लागलेला नसतानाही तो तुटतो. पकडीच्या ओढाताणीत गुडघा आडवा मुडपला गेला, तरीही तोच सापडतो.

गुडघ्याच्या आतल्या अंगाला असलेला बाजूचा अस्थिबंध फाटल्यास पट्टा आणि विश्रांतीवर तो बहुतेकदा आपोआप सांधतो. एसीएलचे तसे होत नाही. तो सांध्यातील द्रवाने वेढलेला असल्याने तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि जखम भरण्याची पहिली पायरीच उभी राहत नाही. काही रुग्णांमध्ये तो पुन्हा जुळल्याचे अलीकडे दिसून आले आहे, परंतु त्यावर विसंबून खेळायला उतरावे अशी स्थिती नाही.

आता ‘गादी’. बोलण्यात हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि रुग्णाचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे सांध्याची कूर्चा. बोकडाच्या नळीच्या टोकाला जो पांढरा, निळसर झाक असलेला गुळगुळीत थर दिसतो, तोच आपल्याही हाडांवर असतो. त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. वाटीच्या मागील बाजूस तो शरीरातील सर्वांत जाड, म्हणजे सहा-सात मिलिमीटरपर्यंत असू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे मेनिस्कस. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये, आतल्या व बाहेरच्या बाजूला बसवलेल्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या या दोन चकत्या. त्याही एका प्रकारच्या कूर्चेच्याच, पण अधिक चिवट. शरीराचा भार त्या पसरवून घेतात, त्यामुळे खालच्या गुळगुळीत थरावर तो एकाच जागी पडत नाही. ‘गादी फाटली’ असे डॉक्टरांनी सांगितले, तर यांपैकी कोणती, हे विचारून घेणे गरजेचे आहे. दोहोंवरचे उपचार आणि दोहोंचे भवितव्य वेगवेगळे आहे.

हाडावरच्या कूर्चेचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाणी असतो. उरलेल्यात कोलॅजनच्या तंतूंची जाळी आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू. या साऱ्यात कूर्चापेशी अगदी विरळ विखुरलेल्या असतात. तिला रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. पाऊल टाकले की ओल्या स्पंजासारखी ती दबते, पाऊल उचलले की सांध्यातील द्रव आत शोषून घेते आणि त्यातूनच आपले पोषण मिळवते. म्हणजे चालणे-फिरणे हे तिचे जेवण आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पण रक्तवाहिनी नसल्याने जखम भरून काढणारी सामग्री तिथे पोहोचत नाही आणि मज्जातंतू नसल्याने जखम झाल्याचे कळतही नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच नोंदवले होते. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर वैद्यकाला त्यात थोडीच दुरुस्ती करता आली आहे.

पहिल्या दिवसाचा मार

एसीएल तुटण्याच्या क्षणी नडगीचे हाड निमिषभर पुढे निसटते आणि मांडीच्या हाडावर बाहेरच्या बाजूने आदळते. दोन्ही हाडांच्या मध्ये सापडते ती कूर्चा. या आदळण्याची खूण एमआरआय तपासणीत हाडाच्या आत मुका मार लागल्यासारखी दिसते. ताज्या एसीएल दुखापतींपैकी सुमारे ८० टक्के गुडघ्यांमध्ये ती आढळते. साध्या एक्स-रेमध्ये यातले काहीच दिसत नाही. ‘फोटो काढला, हाड मोडलेले नाही, काळजी नको’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी. एक्स-रे हाड पाहतो. अस्थिबंध आणि कूर्चा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाहीत.

काही तासांतच फुगणारा गुडघा म्हणजे बहुधा सांध्यात साचलेले रक्त असते. अशा गुडघ्यांपैकी निम्म्याहून अधिकांत एसीएल दुखावलेला निघतो. या रक्ताबरोबर आणि दुखापतीच्या प्रतिक्रियेतून सांध्यात दाह निर्माण करणारी रसायने उसळतात. कूर्चेची जाळी कुरतडणारी विकरेही त्यांच्यासोबत येतात. दुखापतीनंतर सांध्यातील द्रव तपासला असता त्यात कूर्चेचे तुटलेले रेणू सापडतात. मार बसलेल्या जागच्या काही कूर्चापेशी मरतात. वरून पाहता थर अखंड दिसत असला, तरी आतून तो मऊ पडू लागतो. बाहेरची सूज पंधरा दिवसांत ओसरते, तर आतली ही खळबळ कित्येक महिने रेंगाळू शकते.

ताज्या सुजेवर जोरकस मालिश करणे आणि गरम शेक देणे, या दोन सवयींवर म्हणूनच इथे बोट ठेवावे लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोहोंमुळे रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, हलका दाब देणारे क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच ठेवणे आणि त्या पायावर भार न टाकणे, एवढे गावातही सहज जमते. लेपाने अपाय होतो असे नाही. पण लेप त्वचेवर राहतो आणि दुखापत सांध्याच्या आत असते. हाडवैद्याच्या हाती गुडघा ‘बसवून’ घेणे मात्र टाळलेलेच बरे. वाटी खरोखर निखळलेली असेल तर ते डोळ्यांना दिसते. बहुतेक वेळा ती जागेवरच असते आणि सरकत असते ती नडगी.

एसीएल तुटला आहे का, हे अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ हातानेच तपासून बऱ्याच अंशी सांगू शकतो. रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची, अशी ही साधी परीक्षा आहे. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यात स्नायू आखडलेले असल्याने ती फसू शकते. अशा वेळी सूज उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे. सूज उतरल्यावर दवाखान्याकडे पाठ फिरवण्याची जी रीत आहे, ती नेमकी याच्या उलट आहे. एमआरआयसाठी जानेफळकरांना मोठ्या शहराची वाट धरावी लागते आणि खर्चही येतो. म्हणून आधी हाताची तपासणी आणि गरज भासली तरच एमआरआय, हा क्रम परवडणारा आहे.

सटकणारा गुडघा

एसीएल नसतानाही सरळ रस्त्यावर चालता येते, सायकल चालवता येते, पुष्कळांना पळताही येते. त्यामुळेच फसगत होते. वळणावर, बांधावरून उतरताना, ओल्या चिखलात नडगी अचानक पुढे निसटते. यालाच लोक गुडघा सटकणे म्हणतात. प्रत्येक सटकण्यासरशी मांडीचे हाड आणि नडगी एकमेकांवर घासून जातात. त्या वेळी नडगीला अडवण्याचा भार आतल्या बाजूच्या मेनिस्कसच्या मागच्या टोकावर येतो. चाकाखाली अडकवलेल्या दगडासारखे ते टोक काम करते आणि शेवटी फाटते. त्याच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथली चीर टाके घालून सांधण्याची शक्यता बरी असते, तर आतल्या भागातली चीर सहसा सांधत नाही. फाटलेला तुकडा सांध्यात अडकला, की गुडघा सरळच होत नाही. अशा ‘लॉक’ झालेल्या गुडघ्याला थांबायला वेळ नसतो.

मेनिस्कस गेल्यावर खालच्या कूर्चेचे काय होते, याचा धडा वैद्यकाने जुन्या काळी महागात घेतला आहे. एकेकाळी फाटलेला मेनिस्कस सरसकट काढून टाकला जाई. तो निरुपयोगी अवयव आहे, असाच समज होता. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने अशा रुग्णांचे एक्स-रे तपासून सांध्यातील फट अरुंद होणे, हाडाच्या कडा वाढणे, हाडाचे गोटे चपटे होणे हे बदल दाखवून दिले. तरीही सरसकट काढण्याची प्रथा त्यानंतर कित्येक वर्षे चालली. आज शक्य तितका मेनिस्कस वाचवण्याकडे कल आहे, तो कूर्चा वाचावी म्हणूनच.

उशिराची किंमत किती, याचा एक हिशेब नॉर्वेत मांडला गेला. तिथे एसीएलच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींच्या विश्लेषणानुसार, दुखापत आणि शस्त्रक्रिया यांच्यातील अंतर जसे वाढत गेले, तशी प्रौढांच्या गुडघ्यात कूर्चेची इजा आढळण्याची शक्यता दरमहा सुमारे एक टक्क्याने वाढत गेली. एका महिन्याचा एक टक्का किरकोळ वाटतो. पण ‘यंदाचा हंगाम खेळून घेतो, मग बघू’ असे म्हणत तीन वर्षे काढणाऱ्याला तो किरकोळ राहत नाही.

शस्त्रक्रियेने काय साधते?

सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याचा पहिला प्रयत्न टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यावर केला होता. आज एसीएलची शस्त्रक्रिया दुर्बिणीनेच, लहान छिद्रांतून होते. तुटलेला अस्थिबंध शिवून जोडला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा तो जोडला जात नाही, त्याच्या जागी नवा बसवला जातो. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंची एक-दोन दोरीवजा टोके किंवा वाटीखालच्या स्नायुबंधाची पट्टी रुग्णाच्याच शरीरातून काढायची, मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडून ती त्यांतून ओवायची आणि स्क्रू किंवा बटणाने पक्की करायची, असा हा खटाटोप असतो. त्यामुळे नडगीचे निसटणे थांबते. गुडघा सटकणे बंद झाले, की मेनिस्कसवरचा वारंवारचा आघातही थांबतो. शस्त्रक्रियेचा मोठा लाभ तो हाच.

कूर्चेच्या बाजूने पाहिले, तर चित्र एवढे साधे नाही. हाडांत बोगदे पाडले जातात तेव्हा सांध्यात पुन्हा रक्त उतरते आणि दाह पुन्हा उसळतो. काही संशोधक याला कूर्चेवरचा दुसरा घाव मानतात. नवा अस्थिबंध कितीही काळजीपूर्वक बसवला, तरी निसर्गदत्त एसीएलचे अनेक पदरी तंतू आणि त्यांतील संवेदना त्याच्यात नसतात. नडगीचे पुढे जाणे तो रोखतो, पण तिचे फिरणे पूर्ववत होईलच असे नाही. परिणामी चालताना कूर्चेच्या वेगळ्याच भागावर भार पडू लागतो. वर्षानुवर्षे कमी भार पेललेली ती जागा या नव्या कामाला तयार नसते. शस्त्रक्रियेनंतर वाटीमागच्या कूर्चेत बदल झालेलेही अनेक पाहण्यांत आढळले आहेत आणि जिने चढताना, उकिडवे बसताना होणारी कुरबूर पुष्कळदा तिथूनच येते.

या विषयातील सर्वाधिक अस्वस्थ करणारे आकडे स्वीडनमधून आले. एसीएल तुटलेल्या १०३ महिला फुटबॉलपटूंची बारा वर्षांनंतर पाहणी झाली. २००४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहणीच्या वेळी त्यांचे सरासरी वय अवघे ३१ होते आणि एक्स-रे काढलेल्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या त्या गुडघ्यात झिजेच्या संधिवाताची स्पष्ट लक्षणे होती. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या, दोघींमध्ये त्या बाबतीत फरक दिसला नाही. स्वीडनमध्येच १२१ तरुण रुग्णांवर झालेला दुसरा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटावर लगेच शस्त्रक्रिया, तर दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार आणि गुडघा सटकतच राहिला तरच शस्त्रक्रिया, अशी त्याची आखणी होती. दोन वर्षांनी, आणि पुढे पाच वर्षांनीही, दोन्ही गटांचे गुडघे वेदना आणि कामकाजाच्या दृष्टीने सारखेच होते. दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रियेची गरजच भासली नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ आहे, असा काढणे चुकीचे ठरेल. त्या प्रयोगातील रुग्णांना काटेकोर देखरेखीखालचा व्यायाम मिळाला होता आणि गरज पडताच शस्त्रक्रियेची दारे खुली होती. जानेफळच्या कबड्डीपटूच्या वाट्याला यांतले एकही आपसूक येत नाही. ज्याला वळणाचा, झटापटीचा खेळ सोडायचा नाही, ज्याचा गुडघा रोजच्या कामातही सटकतो किंवा ज्याचा मेनिस्कस सांधण्याजोगा फाटला आहे, त्याने शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये. शेतीची साधी कामे, सरळ चालणे-पळणे एवढ्यावर ज्याचे भागते आणि ज्याचा गुडघा सटकत नाही, त्याने तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहावे. लेप लावून तसेच खेळत राहण्याचा जो तिसरा मार्ग गावात रुळला आहे, तो दोन्हींपैकी कशातच मोडत नाही. त्यात अस्थिबंधही जातो आणि कूर्चाही.

शस्त्रक्रियेची घाईही बरी नव्हे. सूज पुरती उतरेपर्यंत आणि गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत, म्हणजे साधारणतः तीन ते सहा आठवडे, बहुतेक शल्यचिकित्सक थांबतात. फुगलेल्या गुडघ्यावर चाकू चालवला, तर तो पुढे आखडून बसण्याची भीती असते. लॉक झालेला गुडघा याला अपवाद. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घेतलेले बरे. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

कूर्चेवर थेट उपाय नाहीत असे नाही. उघड्या पडलेल्या हाडाला बारीक छिद्रे पाडून, त्यातून येणाऱ्या रक्तातून नवा थर उगवू देणे हा त्यांपैकी एक. मात्र तो थर मूळच्या गुळगुळीत कूर्चेचा नसतो. तो जखमेच्या वणासारखा राठ असतो आणि काही वर्षांत झिजू शकतो. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा गुडघ्यात बसवण्याची पद्धत स्वीडिश वैद्यकांनी १९९४ मध्ये जगापुढे मांडली. लहान, कडा शाबूत असलेल्या खड्ड्यांसाठी ती उपयुक्त आहे, पण महागडी आहे. शिवाय गुडघा सटकतच असेल, तर कोणतीही नवी कूर्चा तिथे टिकत नाही. सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यावर यांतले काहीच चालत नाही.

मांडीचा स्नायू आणि नऊ महिने

दुखापतीनंतर सर्वांत वेगाने जर काही आटत असेल, तर तो मांडीच्या पुढचा स्नायू. गुडघ्यात सूज असेपर्यंत मेंदूच या स्नायूला पूर्ण ताकद लावू देत नाही. पंधरा दिवसांत ती मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. हा स्नायू म्हणजे गुडघ्याचा धक्काशोषक. तो दुबळा राहिला, तर पावलागणिक बसणारा हादरा थेट कूर्चेवर उतरतो. त्याला पुन्हा उभे करणे हा सगळ्या उपचारांचा गाभा आहे आणि त्यासाठी फार साधनेही लागत नाहीत. पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची उशी दाबणे, सरळ पाय उचलणे, पुढे भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, पायरीवर चढ-उतार करणे, हे घरच्या ओसरीवर होते. फिजिओथेरपिस्टकडे रोज मेहकर किंवा बुलढाण्याला जाणे न जमल्यास, पंधरा दिवसांतून एकदा जाऊन पुढचा व्यायाम समजून घेणे आणि मधल्या दिवसांत तो घरी करणे, असा मध्यम मार्ग निघू शकतो. अडचण पैशापेक्षा चिकाटीची अधिक असते. दुखणे थांबले, की व्यायामही थांबतो.

नवा बसवलेला अस्थिबंधही पहिल्या दिवसापासून पक्का नसतो. शरीर त्या दोरीतल्या जुन्या पेशी काढून नव्या भरते आणि या फेरबदलात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती उलट कमकुवत होते. नेमका याच वेळी रुग्णाला गुडघा छान वाटू लागतो. अमेरिका आणि नॉर्वेतील संशोधकांनी मिळून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, खेळात परतणे जितके महिने पुढे ढकलले, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. ही घट नवव्या महिन्यापर्यंत दिसली. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी होण्याआधी परतणाऱ्यांत धोका अधिक होता. दुसऱ्यांदा तुटलेला अस्थिबंध पुन्हा बसवता येतो, पण दुसऱ्यांदा चेंगरलेल्या कूर्चेला तशी सोय नाही.

वजनाचा हिशेबही इथेच सांगायला हवा. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींवरील अभ्यासात, वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले. खेळ सुटल्यावर खाणे तेवढेच राहते आणि वजन वाढत जाते, हा सर्रास येणारा अनुभव. आपल्याकडे त्यात आणखी एक बाब जोडली जाते. उकिडवे बसून केलेले निंदण, जमिनीवरची पंगत, भारतीय पद्धतीचा संडास, या सर्वांत गुडघा पूर्ण मुडपतो आणि मेनिस्कसच्या मागच्या भागावर दाब येतो. त्याला टाके घातले असतील, तर तीन-चार महिने हे सारे वर्ज्य असते. शेतातल्या बाईमाणसाला हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. कमोडची खुर्ची बाजारात सहज मिळते. निंदणाला मात्र असा सोपा पर्याय नाही, तिथे घरातल्या इतरांनीच ते काम उचलावे लागते.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगायचे, तर धावण्या-वळण्याच्या सारख्याच खेळात एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळते. शाळांच्या खो-खो संघांनी त्याकडे पाहायला हवे. खेळण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे उडी मारून दोन्ही गुडघे वाकवत हलके उतरणे, गुडघे आत न झुकवता वळणे, एका पायावर तोल सांभाळणे, असा सराव नियमाने करणाऱ्या मुलींमध्ये या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे परदेशांतील अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला शिट्टी आणि शिक्षक यांखेरीज काही लागत नाही.

ग्रामीण भागातील तरुणांच्या दृष्टीने या सगळ्याचा संबंध शेवटी पोलीस भरतीशी येऊन पोहोचतो. शस्त्रक्रियेला चार-पाच महिने झाले असताना जाहिरात निघाली, तर काय करायचे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतो. नऊ महिन्यांची अट झटापटीच्या आणि वळणाच्या खेळांसाठी आहे. सरळ रेषेतले हलके धावणे सूज नसेल आणि मांडीची ताकद परतली असेल, तर तीन-चार महिन्यांनंतर टप्प्याटप्प्याने सुरू करता येते. मात्र भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याखेरीज १०० मीटरची सुसाट धावही असते आणि गोळाफेकही. गोळा फेकताना चवडा जमिनीत रोवून सारे अंग त्यावर फिरवावे लागते. कबड्डीच्या मैदानावर एसीएल तुटला, तो नेमका याच हालचालीत. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला नुसते ‘पळू का?’ असे न विचारता, चाचणीतील तिन्ही प्रकार आणि तिची संभाव्य तारीख सांगून विचारावे.